आधी कोणाचे पैसे द्यायचे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वय ४३. भोसरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत १६ वर्षं क्वालिटी सुपरवायझर होतो. हातात ५८ हजार यायचे. कंपनीनं एक लाइन बंद केली, आमच्याकडून राजीनामे लिहून घेतले आणि तीन महिन्यांचा पगार दिला. आठ महिने घरी काढले. आता एका लहान वर्कशॉपमध्ये ३४ हजारांवर आहे. पत्नी शिवणकामातून ६ हजार मिळवते. मुलगी दहावीत, मुलगा सहावीत. आई साताऱ्याकडे गावी, तिची औषधं माझ्याकडे. मोशीच्या फ्लॅटचे १९.५ लाख बाकी, हप्ता २०,७००, अजून १३ वर्षं. पर्सनल लोन ३.२ लाख, हप्ता ९,६००. पतसंस्थेचे दीड लाख, हप्ता ५,४००, जामीन साडू. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून १.७५ लाख, दोन लोन ॲपचे ४८ हजार. पत्नीचं सोनं ठेवून १.२ लाख. मित्राचे हातउसने ८० हजार. आणि भागातल्या एकाकडून शेकडा ५ नं ५० हजार, त्याच्याकडे माझा कोरा चेक आहे. महिन्याला सगळे मिळून ५५ हजार जायला हवेत. एका ॲपचं भागवायला दुसऱ्याकडून घेतो. घराचा एक हप्ता चुकलाय, दुसरा पुढच्या आठवड्यात आहे. पत्नीला घराचं, पतसंस्थेचं आणि सोन्याचं माहीत आहे, बाकी नाही. एक एजन्सी २५ हजार आगाऊ घेऊन सगळं निम्म्यात सेटल करून देतो म्हणते. घरावर टॉप-अप, म्हणजे त्याच गृहकर्जावर वाढीव कर्ज, काढून सगळं एकत्र करू? की गावची जमीन विकू? मला कोणाचंही बुडवायचं नाही. झोप उडाली आहे. कधी कधी वाटतं, निदान माझा विमा तरी यांच्या कामी येईल.

उत्तर:

शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मी त्यावरून पुढे जाणार नाही. असा विचार मनात येत असेल तर तो आजच, हे वाचून झाल्याबरोबर, एका माणसाला सांगा. पत्नी, भाऊ, मित्र, कोणीही. रात्री जवळ कोणी नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास सुरू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तुमच्या मुलांना विम्याची रक्कम नको आहे, त्यांना तुम्ही हवे आहात. आणि एक गोष्ट निव्वळ हिशेब म्हणून सांगते: घराचं सोडलं तर तुमची सगळी देणी साडेनऊ लाखांच्या आत आहेत, आणि ती फेडता येतील एवढी मालमत्ता तुमच्याकडे आहे. आज ते दिसत नाही, कारण फोन वाजायचा थांबत नाही.

आता पैशांकडे येऊ. ‘मला कोणाचंही बुडवायचं नाही’ असं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, याबद्दल मला शंका नाही. पण गेले काही महिने तुम्ही पैसे कोणत्या क्रमानं दिलेत, ते एकदा कागदावर लिहून बघा. ॲपवाल्यांचे फोन येतात, ते नातेवाइकांना मेसेज टाकू म्हणतात, म्हणून त्यांना आधी. कार्डवाले दिवसातून दहा वेळा फोन करतात, म्हणून त्यांचं मिनिमम. शेकडा ५ वाला संध्याकाळी दाराशी येतो, म्हणून त्याचं व्याज. घराची बँक गप्प आहे, म्हणून तिचा हप्ता चुकला. साडूही गप्प आहेत, कारण त्यांना काही कळलेलंच नाही. म्हणजे जो जास्त ओरडतो त्याला पैसे मिळतात आणि ज्याच्या हातात तुमचं सर्वांत जास्त नुकसान करण्याची ताकद आहे, तो मागे राहतो. हा क्रम उलटा करायला हवा. सगळ्यांना सारखं देणं म्हणजे प्रामाणिकपणा, हे गृहीतक आधी तपासू या. ४० हजारांत ५५ हजार बसत नाहीत. कोणाचं तरी थांबणारच आहे. ते कोणाचं, हे तुम्ही ठरवायचं. आज ते फोन करणारे ठरवताहेत.

पहिलं घर. गृहकर्जाची थकबाकी ९० दिवसांवर गेली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं. मग सरफेसी कायदा, २००२ खाली बँक ६० दिवसांची नोटीस काढते आणि त्यानंतर दावा न लावताच तारण ताब्यात घेण्याची कारवाई सुरू करू शकते. त्यामुळे पुढच्या आठवड्यातला हप्ता चुकवू नका. तो जमा झाला की आधीच्या थकबाकीत धरला जातो आणि तुम्ही ९० दिवसांच्या अलीकडे राहता. तेवढ्यात शाखेत जा, फोनवर नको. नोकरी गेल्याची, नव्या पगाराची कागदं घेऊन मुदतवाढीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. साडेआठ टक्के दर धरला तर १३ वर्षांची मुदत तुमच्या साठीपर्यंत, म्हणजे १७ वर्षं केल्यावर हप्ता साधारण १८,१०० होतो. अडीच हजार सुटतात. पण पूर्ण मुदत ओढलीत तर साडेचार लाखांहून जास्त व्याज अधिक जाईल, हेही माहीत असू द्या.

दुसरी पतसंस्था, आणि ती साडूंमुळे. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पतसंस्था तुमच्याकडे वसुली संपवून मगच त्यांच्याकडे जाईल, असं नसतं. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळाला की त्यांच्या पगारापर्यंत हात पोचू शकतो. ज्या माणसानं फक्त विश्वासावर सही केली, त्याला ही नोटीस पोस्टमननं आणून द्यावी, असं तुम्हाला नक्कीच वाटत नसेल. आधी तुम्ही जाऊन सांगा.

तिसरा शेकडा ५ वाला. महिन्याला ५ म्हणजे वर्षाला ६० टक्के. महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारकालासुद्धा बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही, आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. आजवर किती व्याज दिलं ते तारखांसकट लिहून काढा. रोख देणं बंद करा, खात्यावरूनच द्या. या माणसाचं मुद्दल लवकरात लवकर देऊन कोरा चेक परत घ्यायचा आहे. पैसे कुठून, ते पुढे सांगते. तो अडवणूक करू लागला तर तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक (सहकारी संस्था) किंवा जिल्हा उपनिबंधक कार्यालयात होते. कोरा चेक त्याच्या हातात असेपर्यंत वकिलाचा सल्ला आधी घ्या. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे तो मोफत मिळू शकतो, क्रमांक १५१००. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे अर्ज पत्नीच्या नावानं करता येईल का, तेही विचारा.

मग पर्सनल लोन, कार्डं आणि ॲप. ही सगळी विनातारण देणी. त्यांचा आवाज सर्वांत मोठा, पण ते घर ताब्यात घेऊन दाराला थेट टाळं लावू शकत नाहीत. त्यांना लवाद किंवा न्यायालय गाठावं लागतं, आणि हुकूमनामा होऊन पगारावर जप्ती आली तरी पहिले हजार रुपये आणि उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश भाग कायद्यानं सुरक्षित असतो. नुसतं कर्ज थकलं म्हणून पोलीस अटक करत नाहीत. एका गोष्टीची मात्र काळजी घ्या: चेक बाउन्स झाला किंवा खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला तर फौजदारी तक्रार होऊ शकते. अशी लेखी नोटीस आली तर पिशवीत टाकून ठेवू नका, त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा. आणि जिथं कार्ड किंवा कर्ज आहे त्याच बँकेत पगार जमा होत असेल तर तो दुसऱ्या बँकेत वळवून घ्या. नाहीतर थकबाकीपोटी बँक पगारातूनच पैसे वळते करू शकते आणि महिन्याच्या एक तारखेला घरात किराण्याला पैसे नसतील.

कार्डांचं गणित बघा. १.७५ लाखांवर महिना साडेतीन टक्के धरले तर व्याज ६,१२५, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७,२०० च्या पुढे. तुम्ही मिनिमम भरता ८,७५०. दर महिन्याला पावणेनऊ हजार जातात आणि मुद्दल दीड हजारानं कमी होतं. वर त्याच कार्डानं दुधाचं बिल दिलंत तर त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. कार्डं आज कापून टाका. बँकेला लिहा की कार्ड बंद करून बाकीचे ठरावीक हप्ते करून द्या. ते व्याज या दराच्या बरंच खाली असतं.

ॲपच्या बाबतीत एकच नियम: नवीन एकही नाही, एका रुपयाचंही नाही. ॲपला तुमची संपर्कयादी, फोटो किंवा कॉलची नोंद वापरण्याची रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. धमकीचे मेसेज जपून ठेवा. ज्या बँकेच्या किंवा वित्त कंपनीच्या नावानं कर्ज आहे तिच्याकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल आहेत, माहितीसाठी १४४४८. मागे अशी कोणतीही नोंदणीकृत संस्थाच नसेल, किंवा फोटो बदलून नातेवाइकांना पाठवायचा प्रकार झाला, तर १९३० वर सायबर तक्रार. नातेवाइकांना मेसेज जाईल या भीतीवरच ही वसुली चालते. तुम्ही स्वतः आधी चार जणांना ‘अडचणीत आहे, असे मेसेज येतील, लक्ष देऊ नका’ असं सांगितलंत की त्या भीतीतला जोर बराचसा जातो.

आता पैसे कुठून. तुमच्या पत्रात मी एक शब्द शोधत होते, तो मला सापडला नाही: ग्रॅच्युइटी. तीन महिन्यांचा पगार मिळाला, एवढंच लिहिलंय. पाच वर्षांच्या वर नोकरी झालेल्याला, राजीनामा दिला असला तरी, ग्रॅच्युइटी हा हक्क आहे. दर वर्षामागे १५ दिवसांचं वेतन, महिना २६ दिवसांचा धरून. तुमचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून समजा २४ हजार होता, तर १६ वर्षांचे सुमारे २.२१ लाख होतात. देय झाल्यापासून ३० दिवसांत ती द्यायची असते, उशिरा दिली तर व्याजासह. मिळाली नसेल तर आधी कंपनीकडे लेखी अर्ज, आणि दाद नाही लागली तर कामगार आयुक्त कार्यालयात. राजीनामे लिहून घेतलेल्या तुमच्या जुन्या सहकाऱ्यांनाही विचारा, चार जण मिळून गेलात तर काम लवकर होतं. ही रक्कम आली की त्यातून आधी शेकडा ५ वाला आणि दोन्ही ॲप कायमची बंद होतात. उरलेले सव्वा लाख कार्डांवर.

सोन्याचं वेगळं. ठेवलं तेव्हापासून भाव वाढला असेल तर थोडं विकून बाकीचं सोडवता येऊ शकतं. पण ते तुमचं नाही. स्त्रीधनावर हक्क पत्नीचा एकटीचा. तिनं ‘हो’ म्हटलं तर आणि तेवढंच. पीएफला मात्र मी हात लावणार नाही. कर्ज देणाऱ्यांना तो जप्त करता येत नाही, आणि तुम्ही स्वतःच काढून कार्डवाल्याच्या हाती द्यायचा, यात शहाणपण नाही.

टॉप-अपबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. ३४ हजारांच्या पगारावर तो मिळणं कठीण आहे, आणि मिळाला तर जास्त धोका आहे. आज कार्डवाला तुमच्या घराला थेट हात लावू शकत नाही. टॉप-अप घेतलात की कार्डाचं देणंही घराच्या गळ्यात आलं. एजन्सीलाही नाही. बँकेशी तडजोड तुम्ही स्वतः करू शकता, त्याला २५ हजार आगाऊ लागत नाहीत. कर्ज एनपीए झाल्यावर बँका एकरकमी तडजोडीला तयार होतात. लोकअदालतीची नोटीस आली तर जरूर जा, तिथे कोर्ट फी लागत नाही. तडजोडीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि द्याल ते कर्जखात्यातच, माणसाच्या नावावर नाही. सिबिलवर ‘सेटल्ड’ अशी नोंद राहते आणि काही वर्षं नवं कर्ज अवघड होतं. तुमच्या बाबतीत मला ते चालेल. गावच्या जमिनीचं एवढंच, की सातबाऱ्यावर आई आणि भाऊही असतील तर ते पैसे वेळेत येत नाहीत आणि आईच्या आयुष्यात एक नवं भांडण सुरू होतं.

आणि घर. यावर मी बराच विचार केला. मुलांच्या फीसह तुमचा काटकसरीचा घरखर्च १८ हजार धरला तर हप्त्यांसाठी २२ हजार उरतात. ग्रॅच्युइटी येऊन छोटी देणी मिटली, गृहकर्जाची मुदत वाढली, तरी घर, पतसंस्था आणि पर्सनल लोन मिळून ३३ हजार लागतात, कार्डांची उरलेली बाकी वेगळीच. फ्लॅट भाड्यानं देऊन तुम्ही लहान जागेत गेलात तर भाड्यातल्या फरकाचे महिना पाच-सहा हजार वाढतील. तरीही पुरत नाही. पगार वर्षभरात ५० च्या घरात जाईल याची खात्री असेल तर भाड्याचा मार्ग धरा. ती नसेल तर माझा कौल विकण्याकडे आहे. तुमच्या सोसायटीत तसाच फ्लॅट ४० लाखांना गेला असेल, तर बँकेचे साडेएकोणीस वजा करून साडेवीस उरतात. बाकी सगळी देणी ९.४ लाख. म्हणजे दलाली आणि कर वजा करण्याआधी ११ लाखांच्या आसपास हातात, साडू मोकळे, मित्राचे पैसे परत, सोनं घरी, आणि ४० हजारांवर एकही हप्ता नाही. करासाठी चार्टर्ड अकाउंटंटला एकदा विचारा. दर फ्लोटिंग असेल तर मुदतीआधी कर्ज फेडण्याचा दंड बँक घेत नाही. तुम्ही स्वतः विकलात तर भाव तुम्ही ठरवता, लिलावात तो दुसरा ठरवतो. एवढ्यासाठीच मी घाई करते आहे. मुलीची परीक्षा मार्चमध्ये संपेल, तोवर ताबा द्यायचा नाही अशी अट करारात घालता येते, ग्राहक शोधायला आताच लागा.

घर विकलं तर लोक काय म्हणतील, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण पत्रभर ते आहे. पाच वर्षांनी तुमच्या घरी जेवायला येणारी माणसं तो फ्लॅट तुमच्या मालकीचा की भाड्याचा, हे विचारत बसत नाहीत. जी विचारतात, त्यांचा हप्ता तुम्ही फेडत नाही.

पत्नीला सांगायचं का, असं तुम्ही थेट विचारलेलं नाही, पण अर्धंच सांगितलंय असं लिहिलंत, म्हणजे प्रश्न मनात आहे. सांगा, आणि सगळं सांगा. वरच्या हिशेबातली जवळपास प्रत्येक गोष्ट तिच्याशिवाय होत नाही. सोनं तिचं, घर कदाचित दोघांच्या नावावर, साडू म्हणजे तिच्या बहिणीचं घर. तिला हे दारातल्या वसुलीवाल्याकडून कळलं तर पैशांपेक्षा मोठं काहीतरी मोडेल. रागावेल, रडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. पण ६ हजारांत शिलाईची मशीन चालवणाऱ्या बाईला महिन्याचा हिशेब तुमच्या-माझ्यापेक्षा बरा कळत असतो. मुलं झोपल्यावर, कागद पुढे ठेवून, सगळी देणी एका पानावर लिहून बोला. रक्कम, व्याज, तारण, जामीन, कधी घेतलं. तिला शोधून काढायला लावू नका. मुलीलाही मोठी गोष्ट मोठ्या माणसासारखी सांगा: पगार कमी झालाय, आपण घर बदलणार आहोत, तुझी परीक्षा होईपर्यंत नाही. दहावीतल्या मुलीला घरातलं दडपण कळतं, कारण मात्र कळत नाही, आणि ते तिच्यासाठी जास्त वाईट.

आणखी एक, जे पत्रात नाही. कंपनीचा मेडिक्लेम गेला असेल. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत राज्यातल्या रेशनकार्डधारक कुटुंबांना यादीतल्या रुग्णालयांत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. कार्डावर चौघांची नावं बरोबर आहेत का, आणि आईचं नाव गावच्या कार्डावर आहे का, हे आत्ताच बघून ठेवा. या हिशेबात दवाखान्याचं एक मोठं बिल बसत नाही.

मित्राला या रविवारी भेटा. ८० हजार कधी देणार ते सांगता येत नसेल तर तसं सांगा, आणि घराचा व्यवहार झाल्यावर पहिल्या आठवड्यात देईन, असं कागदावर लिहून द्या. सोमवारी सकाळी बँकेची शाखा. पगाराच्या स्लिपा, राजीनाम्याची प्रत, नव्या नोकरीचं पत्र आणि अर्जाच्या दोन प्रती. तिथूनच ग्रॅच्युइटीच्या अर्जाचं रजिस्टर्ड पाकीट टाकायला पोस्टात जा.